पंचावन्न

बॅग लोखंडी चौकटीच्या तोंडाशीच अडकली. झिओनेने ती उभी घातली, आडवी घातली, शेवटी गुडघा लावून दाबून पाहिली. तळाला प्लायवूड, कडांना चामड्याचा गोट. दबण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

"पुरे सिस्टर, चौकट मोडाल," विमानतळाच्या काउंटरवरचा लिम्बानी म्हणाला. त्याने खिशातून पोलादी टेप काढून बॅगेला लावली. "सत्तावन्न. नियम पंचावन्न सेंटिमीटरचा आहे. कुणी शिवली?"

"माझ्या वडिलांनी. लिंबे बाजारातले कचाले."

लिम्बानीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. "चेष्टा करता काय? आठ वर्षं इथे उभा आहे. बाम्बो कचाल्यांची बॅग या चौकटीत अडकलेली पाहिली नाही. माझी स्वतःची त्यांचीच आहे."

ते खरं होतं. ब्लँटायरमधून परदेशी निघालेला माणूस आधी व्हिसा मिळवी आणि मग बाम्बोंच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, ओट्यावर येऊन बसे. मशीनवरची मान वर न करता ते विचारत, "विमान कुठलं?" पुढचं सगळं त्यांना पाठ असे.

"आज हात कसा चुकला त्यांचा?" लिम्बानी म्हणाला.

तेव्हा झिओनेच्या ध्यानात आलं. हात चुकला नव्हता.

इंग्लंडच्या इस्पितळाचं पत्र आलं त्या दिवशी बाम्बो एवढंच म्हणाले होते, "का? इथल्या वॉर्डात माणसं मरायची थांबली?" त्यानंतर दोन महिने त्यांनी तो विषय काढला नाही. गेल्या आठवड्यात मात्र जेवता जेवता म्हणाले, "विकतची बॅग घेऊ नकोस. मी शिवतो." तीन दिवस त्यांनी तिला ओट्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. तिला वाटलं होतं, म्हातारा वळला.

"विमान लहान आहे, खालचा सामानाचा कप्पा भरलाय," लिम्बानी म्हणाला. "बॅग सोडून जा, नाहीतर गुरुवारच्या विमानाने या."

सोमवारी सकाळी इस्पितळात हजर झाली नाही, तर नोकरीची जागा दुसरीला जाणार होती. पत्रातलं ते वाक्य तिने बाम्बोंना दोनदा वाचून दाखवलं होतं.

आई असती तर तिने हे होऊ दिलं नसतं. आईचं मशीन बाम्बोंच्या मशीनला लागूनच होतं. ती बायकांचे झगे शिवायची. शेवटच्या काही वर्षांत ते जरा सैलच व्हायला लागले होते. बायका चिडवायच्या, "अमायी, हा मला एकटीला शिवलाय, की नवऱ्यासकट?" आई म्हणायची, "न्सिमा खा पोटभर, येईल अंगाबरोबर." आणि झिओनेकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकवायची, "ही नर्स होणार. लांब जाणार. हिची बॅग मात्र मी शिवणार, हिच्या बापाला हात लावू देणार नाही." बाम्बो दातांत दोरा धरून हसायचे. आईला जाऊन चार वर्षं झाली. तिची पिवळी कापडी टेप अजून खिळ्याला टांगलेली असायची आणि बाम्बो त्या टेपला कुणालाही हात लावू देत नसत.

झिओनेने फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं.

"बाम्बो, बॅग बसत नाहीये."

"बसेल. नीट सरळ धर."

"मोजून झालंय. सत्तावन्न भरली."

"पंचावन्न आहे ती, झिओने."

"अख्ख्या लिंबेच्या बॅगा तुमच्या हातून बरोबर होतात. पोटच्या पोरीचीच तेवढी दोन बोटं वाढते." तिचा आवाज चढला नाही. "अडवायचं होतं तर तोंडानं सांगायचं होतं ना. मी भांडले असते. पण असं?"

मशीन थांबलं.

"ती मी मापली नाही गं," बाम्बो म्हणाले. "तुझ्या आईनं मापली."

"गेलेल्या माणसाला यात ओढू नका," ती म्हणाली आणि तिने फोन कापला.

तो पुन्हा वाजला. मग आणखी एकदा. तिने घेतला नाही.

लिम्बानीने न मागता प्लास्टिकची पिशवी पुढे केली. झिओनेने खाली बसून बॅग रिकामी करायला घेतली. प्रमाणपत्रांची फाइल, दोन पांढरे गणवेश, बूट, शेंगदाण्याच्या कुटाचा पुडा. बॅग इथेच टाकून जायचं तिने ठरवलं. कुणीतरी नेईल. शेवटी तिने आतला छोटा कप्पा चाचपला. त्याला बटण होतं. सकाळी सामान भरताना तो तिने उघडलाच नव्हता.

आत दोऱ्याने बांधलेली पिवळी गुंडाळी होती.

आईची टेप झिओनेने लगेच ओळखली. मग तिने दोरा सोडला. तीस वर्षं बायकांच्या कमरेभोवती ओढून ओढून टेप सैलावली होती, मधे विरली होती, आकडे पुसट झाले होते. पितळी टोक तिने बॅगेच्या खालच्या शिवणीवर ठेवलं आणि टेप वर नेली. वरच्या शिवणीवर आकडा आला पंचावन्न. रेषेला रेष. बाम्बोंचा हात चुकला नव्हता.

लिम्बानी गुडघ्यावर बसला. त्याने आपली टेप तिच्या शेजारी धरली.

आईचे पंचावन्न जिथे संपत होते, तिथे पोलादी टेपवर सत्तावन्न होते.