मागची गाडी

ही २०२२ सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियात टूवूंबाला मुलाकडे, सलिलकडे, राहणाऱ्या लताबाई तेव्हा चोरून गाडी शिकत होत्या. सलिल कामाला गेला की शेजारच्या अन्सेल्मोच्या जुन्या गाडीत. सलिलचं एकच पालुपद होतं, या वयात नको. आणि इथे गाडी नाही म्हणजे भजन नाही, मैत्रीण नाही, कोथिंबीरसुद्धा शनिवारपर्यंत नाही.

अन्सेल्मो क्यूबाचा. हवानात त्याने तीस वर्षं गुप्त पोलिसात काढली होती. परक्या हेरांच्या मागावर, आणि आपल्याच शेजाऱ्यांच्याही. हे तो लपवत नसे, मिरवतही नसे. शिकवायचा मात्र आपल्याच पद्धतीने. रस्त्याच्या आधी आरसा. तीन वळणांनंतरही मागे तीच गाडी असेल, तर ती तुझ्यासाठी आहे, लता. लताबाईंना हसू यायचं, पण त्या बघायच्या.

एका शनिवारी लताबाई परसात चादरी वाळत घालत होत्या. कुंपणापलीकडच्या गाडीवर सलिलला शिकाऊ चालकाची पिवळी एल पाटी दिसली आणि त्याने विचारलं, अंकल, तुमच्याकडे कोण शिकतंय? चादरीआड लताबाईंचे हात थांबले. परीक्षा मंगळवारी होती. आज कळलं तर सगळं संपलंच.

अन्सेल्मोने झाडांना पाणी घालायची नळी बंद केली. आजवर प्रश्न विचारणारा तो असायचा, आज उत्तर त्याला द्यायचं होतं.

"शेजारी काय करतात ते मी तीस वर्षं वर कळवत होतो," तो म्हणाला. "आता रिटायर झालोय, मेट."

सलिल चादरीकडे वळला. खाली आईच्या चपला दिसत होत्या. तो बराच वेळ बघत राहिला, मग "नो वरीज, अंकल," म्हणून आत गेला.

मंगळवारी लताबाई नापास झाल्या. एक पांढरी गाडी तीन वळणं पाठ सोडेना, म्हणून परीक्षकाला न विचारता त्यांनी आपली गाडी पेट्रोल पंपात घातली आणि तिला पुढे जाऊ दिलं. अन्सेल्मो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. दुसऱ्या खेपेला पास झाल्या.

अन्सेल्मो पुढे मुलीकडे पर्थला गेला. फोनवर आता फक्त टोमॅटोंची खबर देतो. सलिलने आईला एक छोटी गाडी घेऊन दिली. पहिल्याच दिवशी लताबाई एकट्या भजनाला निघाल्या. तिसऱ्या वळणानंतर आरशात सलिलची निळी गाडी दिसली, बरीच मागे. चकवायचं कसं, ते त्यांना येत होतं. त्यांनी वेग जरा कमी केला, तो मागे राहू नये म्हणून.