वीस ऑगस्टच्या आत

"आज मिळाला काय?" जुबैदाने दार उघडता उघडताच विचारलं.

"नाय," म्हणून कमाल उंबऱ्यातच बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

पासपोर्ट मेहरीनचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा. सहा महिन्यांत एकदा बहारीनला तोंड दाखवलं नाही, तर बापाच्या नावावरचा व्हिसा रद्द होतो. म्हणून ती सुट्टीत आली होती आणि पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी कमालच्या कंपनीत दिला होता. ही कामं बघणारा शिवदास जुलैअखेर रजेवर गावी गेला. त्याच्या जागेवरचा माणूस रोज ठाऊक नसल्याचं एकच उत्तर देई, "मालूम मफी. शिवदास आयेगा, उसको पूछो."

इकडे अलाबामातून फॅक्स आलेला. २० ऑगस्ट १९९६च्या आत हजर झाली नाहीस, तर शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला जाईल. मेहरीन तिथे काळ्या लोकांच्या एका जुन्या विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकत होती. गुलामीतून सुटलेल्यांच्या मुलांसाठी काढलेलं ते विद्यापीठ. तिच्या प्राध्यापक बाई तिला फळ्याशी बोलावून गणितं सोडवायला लावत. हे सांगताना पोरीचा चेहरा उजळून निघे.

कमालला ते पहिल्यापासून पसंत नव्हतं. "काळ्यांच्यात एकटी पोरगी?" असं तो म्हणाला, तेव्हा मेहरीनने विचारलं होतं, "सलमाबादच्या कारखान्यात तुमचा फोरमन तुम्हाला काय म्हणून हाक मारतो, अब्बा?" पोरीसाठी भांडली ती जुबैदा. तीन दिवस अन्नाला शिवली नाही, तेव्हा कुठे मेहरीन विमानात बसली.

आताही बॅग जुबैदाच भरत होती. कुळथाचं पीठ, सुके बोंबील, लोकरीचा स्वेटर. मेहरीन सकाळी सनाबिसला एका मुलाला गणित शिकवून येई आणि आली की वहीत डोकं घाली. जुलैत एकदा जुबैदा तिच्याजवळ जाऊन बसली होती.

"अजून किती वर्सां गो?"

"टू मोअर. देन पीएचडी, अम्मी. फाइव्ह, मेबी सिक्स." मेहरीनने मानही वर केली नाही.

जुबैदाने बोटं मोजली आणि मासळीला मीठ लावायला उठली.

कमाल सकाळची पाळी संपवून रोज ऑफिसात जात राहिला. जन्मात कुणापुढे वाकला नव्हता, तो मॅनेजरच्या दारात हात जोडून उभा राहिला. उपयोग शून्य.

वीस तारीख गेली. मेहरीन रडली नाही. तिने फॅक्सची घडी घालून वहीत ठेवली आणि बापाशी बोलणं सोडलं.

बावीसला कमाल घरी आला, तर ती दारातच उभी.

"शिवदासकाका आले रजेवरून. मी फोन केला. शिक्का कधीच झाला होता, अब्बा! गावी जायच्या दिवशी, सकाळी एअरपोर्टला जाता जाता, पासपोर्ट घरी देऊन गेले ते. घरी! एवढं ऐकलं आणि फोन आपटला मी."

कमालने स्वयंपाकघराकडे पाहिलं. जुबैदा पाठमोरी उभी होती. नळ वाहत होता.

"तुम्हाला मी जायला नकोच होतं. रोज उन्हातून यायचं आणि खोटं बोलायचं! तुम्हीच घेतलात ना?"

"हो," कमाल म्हणाला. "मीच लपवला."

मेहरीन इंग्रजीत कितीतरी बोलली. कमालला त्यातलं एवढंच कळलं, की आजपासून तिला बाप नाही. मग तिच्या खोलीचं दार आपटलं आणि इतक्या दिवसांचं रडू बाहेर फुटलं.

कमाल स्वयंपाकघरात गेला. त्याने नळ बंद केला.

"तिला कधीच सांगू नकोस," तो बायकोला हळूच म्हणाला. "आता मला तरी सांग, कुठं ठेवलायस तो?"