मागे वळून

जरीपटक्याच्या कबरस्तानात, ओल्या मातीपुढे, पाद्रीसाहेबांनी बळीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"सलोमी आता प्रभूच्या सिंहासनापुढे गाते आहे. अहोरात्र. तिथे अश्रू नाहीत, कुणाची उणीव नाही."

बळीराम हातातली टोपी पिळत राहिला. तो बौद्ध; दर रविवारी बायकोची प्रार्थना संपेपर्यंत चर्चच्या दारातच बसून राही.

"इथं तं गाता गाता दर कडव्याले मांगं वळून पाहे. मी दारात हाव का नाही म्हणून. तुमी रागवत होते तिले."

पाद्रीसाहेब किंचित हसले. "तिथे तिची नजर प्रभूवरून हलणार नाही."

"एकदा बी नाही?"

पाद्रीसाहेबांनी बायबल मिटले आणि ते फाटकाकडे चालू लागले.