हार घातलेलं पुस्तक

"आजी, चपला इथेच काढा," शेजारची ओवी माझा हात ओढत म्हणाली. तिच्या वर्गात थोरामोठ्यांच्या जयंतीला खुर्चीवर त्यांचं चित्रपुस्तक ठेवतात, त्याला हार घालतात आणि एक मूल ते मोठ्याने वाचून दाखवतं. आज पाळी ओवीची होती. तिची आई कामावर, म्हणून मला आणलं होतं.

खुर्चीवरच्या पुस्तकात मीच होते. सतरा वर्षांची, थंडी लागू नये म्हणून अंगाला ग्रीस फासलेली, खाडी पोहून बाहेर येणारी. चित्रकाराने माझं नाक उगाचच सरळ करून टाकलं होतं. लग्नानंतर आडनाव बदललं, केस पिकले, मग या पोरीला तरी कसं कळणार? वाचून झालं की सगळ्यांना सांगायचं, असं काल ओवीच्या हातात ते पुस्तक पाहिलं तेव्हाच ठरवून मी नवी साडी नेसून आले होते. वाढदिवस असून सकाळपासून घरचा फोन एकदाही वाजला नव्हता.

ओवीने खणखणीत वाचलं. शेवटचं पान संपलं तशी मी उठलेच. तेवढ्यात बाईंनी हार नीट केला आणि हात जोडून म्हणाल्या, "आज त्या आपल्यात नाहीत. मुलांनो, एक मिनिट शांत उभं राहूया."

सगळी पोरं डोळे मिटून उभी राहिली. मीही राहिले. त्यांची चुळबुळ चालली होती, गप्प राहणं त्यांना फार जड जात होतं.

मला नाही गेलं. घरी मी दिवसभर तेच करते.