कार्यक्रम कसला?

लग्नाचं गिऱ्हाईक दिसलं की पलंगाचा भाव चढवून सांगायचा, हा उद्योग फर्निचरच्या दुकानात तो स्वतःच करायचा. त्यामुळे स्वतःचं लग्न ठरल्यापासून जो तो आपल्याला लुबाडायलाच बसलाय, असं त्याला वाटू लागलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"कार्यक्रम कसला?" असं हॉलवाल्याने सहज विचारलं, तरी त्याचे कान टवकारले.

"निवृत्तीचा समारंभ आहे हो, साधासाच," त्याने ठोकून दिलं. हॉल निम्म्या भाड्यात मिळाला.

"बघितलंस? लग्न म्हटलं असतं तर कापलंच असतं त्याने मला!" तो ताईला म्हणाला. ताईने नुसताच कपाळाला हात लावला.

लग्नाच्या दिवशी तो नटूनथटून हॉलवर पोचला, तर होणारे सासरे दारातच अडून उभे. हॉलवाल्याने हौसेने, स्वतःच्या खर्चाने लावलेला फलक ते पुन्हा पुन्हा वाचत होते. वर नवरदेवाचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत, 'सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा!'

सासऱ्यांनी त्याच्या काळ्याभोर केसांकडे रोखून पाहिलं.



"जावईबापू, आता खरं वय सांगा बघू."