पेपीची अंगाई

“वोंद्रासाहेब, शेवटची चाल तरी सावकाश घेऊ या. मुळात ती अंगाई आहे,” इग्नाझ कुबेल्का पुन्हा म्हणाला.

बँडमास्तर वोंद्राने कागद सारखे केले. “कुबेल्काबुवा, माणसं इथं झोपायला येत नाहीत.”

वादक हसले. इग्नाझही हसला, न हसून करतो काय. ही चाल ज्या संगीतनाटकातली, ती ऑपेरेटा त्याचीच होती. गेल्या हिवाळ्यात व्हिएन्नाच्या प्रेक्षकांनी ती आठवडाभरात झोपवली. अंगाई लागली की लोक चक्क जांभया द्यायचे. मग प्रकाशकाने तिच्यातल्या चाली वोंद्राला दिल्या आणि वोंद्राने त्यांची नाचासाठी क्वाड्रिल, म्हणजे सलग गतींची माळ, बांधली. शेवटी घोडदौडीचा गॅलप, आणि त्या गॅलपला नेमकी अंगाई. इग्नाझच्या हाती आता व्हायोला होता. नाचात व्हायोलाने नुसता ठेका धरायचा असतो. चाल वाजवायची ती पुढच्या व्हायोलिनवाल्यांनी.

पेपी त्याची मुलगी. घटसर्पाने गेली. तिची आई थेक्ला रोज तिला हीच अंगाई म्हणून झोपवायची, शेवटच्या दुपारीही हीच म्हणत बसली होती. त्यानंतर थेक्लाच्या तोंडून सूर म्हणून निघाला नाही. ऑपेरेटा बघायलाही ती आली नाही. आणि आज ती याच नाचघरात, खाली दाराशी, लोकांचे कोट सांभाळत उभी होती. आजचा दिवस घरी राहा, म्हणून इग्नाझने सकाळी परोपरीने विनवलं. कार्निव्हलच्या रविवारी घरी बसले तर उद्या कामावर कोण घेईल, असं म्हणून ती शाल गुंडाळून निघाली.

दुपारी नाच रंगला. गॅलप सुटला तसे ढोल, झांजा आणि शेकडो बूट एकदम दणाणले. इग्नाझ मान खाली घालून ठेका धरत होता. थेक्ला खाली ऐकेल आणि तिथंच कोसळेल बिचारी. लोकांनी टाळ्या पिटून गॅलप पुन्हा मागितला. वोंद्राने तो आणखी जलद घेतला.

विश्रांती होताच इग्नाझ जिना उतरून धावत खाली गेला. थेक्ला कोटांच्या ढिगामागे उभी होती. तिचे गाल लाल झाले होते. तिचं बोट फळीवर अजून ताल धरत होतं.

“शेवटचं काय झकास होतं रे,” ती म्हणाली. “कुणाचं आहे?”

इग्नाझ तिच्या बोटाकडे बघत राहिला.

“वोंद्राचं,” तो म्हणाला.