चिलापीची विश्रांती

धरणातल्या पिंजऱ्यातली दोनशेवी चिलापी रक्त तपासणाऱ्या यंत्राला लावताना शेवंता वैतागली. दर सोमवारी एकेका माशाचं रक्त तपासायचं! साखर जरा वाढली किंवा रक्त कमी झालं की माशाला औषध, वेगळा पिंजरा, आराम. तिला मात्र महिनाभर चक्कर येत होती आणि सुट्टी मागितली की मुकादम म्हणायचा, "नाटकं नकोत."

तेवढ्यात माशाचा काटा तिच्या बोटात घुसला. तिच्या रक्ताचा थेंब यंत्रात पडला, भोंगा वाजला आणि यंत्र बोललं, "अंगात रक्त फार कमी. आठवडाभर विश्रांती द्या."

मुकादम धावत आला. "अगं, कुठला मासा? आधी बाजूला काढ त्याला!"

शेवंताने रक्ताळलेलं बोट त्याच्या नाकासमोर धरलं, मासे काढायची जाळी त्याच्या हातात कोंबली आणि पिंजऱ्याला बांधलेल्या होडीत जाऊन बसली.

"हं, चला मुकादम. मला सोडा काठावर."